विश्लेषण : ओट्याचा दगड कापणाऱ्यांना कर्करोगाचा धोका का?

नव्या घरांत ग्रॅनाइटऐवजी चकचकीत ‘क्वार्ट्झ’चा ओटा दिसू लागला आहे. तो वापरणाऱ्या कुटुंबाला त्याचा त्रास नाही. त्रास आहे तो कापणाऱ्याला. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला.

हा दगड वेगळा कसा?

तो खाणीतून अखंड निघत नाही. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये मिसळून, दाबून त्याच्या लाद्या बनवतात. संगमरवरात सिलिका सहसा पाच टक्क्यांहून कमी असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के. या दगडात मात्र ती ९० टक्क्यांच्याही पुढे जाते. सिंकसाठी भोक पाडताना कटर कोरडा चालवला, की हीच सिलिका हवेत उडते.

धुळीतून कर्करोग कसा होतो?

कपड्यांवर बसणारी पांढरी धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसतच नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान असे हे कण थेट फुप्फुसातील वायुकोशांत पोहोचतात. तेथील संरक्षक पेशी कण गिळतात, पण स्फटिक त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तोच गिळते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या दाहातून फुप्फुस कडक होते. हाच सिलिकोसिस. दाहाने पेशींच्या डीएनएलाही इजा होते आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. (पहिला गट म्हणजे पुरावा भक्कम, धोका किती, हे धुळीचे प्रमाण आणि कामाची वर्षे यांवर ठरते.) सोबत बिडी-सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो.

निदान उशिरा का होते?

खोकला, दम लागणे, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगाचीही असतात. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही जास्त, त्यामुळे कधी दोन्ही आजार एकत्रच असतात. काम कोणते करता, हा प्रश्न दवाखान्यात विचारलाच गेला नाही, तर केवळ क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. कर्करोग दिसेपर्यंत तर दोन-तीन दशके उलटतात आणि तोवर कामगाराने अनेक ठेकेदार बदललेले असतात.

कायदा कुठे थांबतो?

कारखाने अधिनियमातील सूत्रानुसार शुद्ध क्वार्ट्झच्या धुळीची मर्यादा घनमीटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम येत असे. अमेरिकेने २०१६ मध्ये ती ०.०५ केली. मात्र आकड्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. इमारतीच्या जिन्यात बसून दगड कापणाऱ्या फिटरभोवतीची हवा मोजतो कोण? त्याचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नसते. गुजरातमधील गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी कामगार सिलिकोसिसने दगावले. त्यांपैकी २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१६ मध्ये, तोही दीर्घ कायदेशीर लढाईनंतर.

उपाय काय?

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. पात्यावर सतत पाणी, धूळ खेचणारे यंत्र आणि त्यावर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, असा क्रम हवा. घरमालकाला एक गोष्ट सहज करता येते : मापे आधी देऊन दगड कार्यशाळेतच ओला कापून मागवणे. कापताना साचलेला चिखल मात्र ओला असतानाच धुवून काढावा लागतो. वाळला की तीच धूळ पुन्हा उडते.