जुलैत आडवं पडलेलं निळं झाड: फेकू नका, कापा

आज एकाच झाडावर बोलायचंय, पेरेनियल कॉर्नफ्लॉवर. मी इंग्लंडमध्ये राहते, आणि इथे जून संपत आला की भाड्याच्या घरासोबत पहिल्यांदाच बाग मिळालेल्या आपल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. फोटो तोच: झाड मधोमध फाकून चारी बाजूंना आडवं झालंय, पानांवर पांढरी भुकटी. प्रश्नही तोच, "ताई, मेलं का हे?"

मेलेलं नसतं हो. त्याला फक्त कात्री हवी असते.

आधी ओळख करून घेऊ. कॉर्न म्हटलं की आपल्याला मका आठवतो, पण ब्रिटिशांच्या जुन्या बोलण्यात कॉर्न म्हणजे धान्य, गहू वगैरे. त्या शेतांत तण म्हणून उगवायचं ते साधं कॉर्नफ्लॉवर, सेंटॉरिया सायनस. ते हंगामी: उगवलं, फुललं, बी टाकलं, संपलं. आजचं झाड त्याचं डोंगरातलं भावंड, सेंटॉरिया मोंटाना. आल्प्ससारख्या युरोपातल्या डोंगरांवरचं. हिवाळ्यात वरून दिसेनासं होतं, पण खाली मुळं जिवंत असतात आणि वसंतात परत फुटतात. फूल एकदा जवळून बघाच. बाहेरची प्रत्येक निळी, कातरलेली "पाकळी" हे स्वतंत्र छोटं फूल असतं, पण वांझ. तिचं काम मधमाश्यांना बोलवायचं. बी धरतं ते मधल्या जांभळट फुलांत.

तर, मे-जूनचा पहिला बहर ओसरला की झाड बी धरायच्या मागे लागतं, पानं जुनी होतात, आणि माती कोरडी पडली की भुरी येते. (नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना भुरी काय ते मी सांगायला नको!) अशा वेळी आपल्याला दया येते आणि आपण खत घालतो. तिथेच गडबड होते. खत जास्त झालं की दांडे लांब आणि लुसलुशीत होतात, झाड आणखीच लोळतं.

त्यापेक्षा धारदार कात्री घ्या आणि सगळं, अगदी पानांसकट, जमिनीपासून तीन-चार बोटांवर कापून टाका. वाफा बोडका दिसेल, दिसू दे. एकदा भरपूर पाणी द्या. काही आठवड्यांत कोवळी पानं येतात, आणि बरेचदा उन्हाळा संपता संपता पुन्हा फुलंही. पहिल्या बहराइतकी नाही येत, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

बाकी लाड नाहीत. ऊन आणि पाण्याचा निचरा असला की झालं. तीनेक वर्षांनी गड्डा मधोमध विरळ व्हायला लागला की वसंतात किंवा शरदात उकरून तुकडे करा, कडेचे जोमदार तुकडे परत लावा, उरलेले शेजाऱ्यांना द्या. पण मुळाचा छोटा तुकडा मातीत राहिला तरी तो उगवतो, म्हणून "आत्ता इथे लावू, मग बघू" असं करू नका. कॅनडातल्या श्रोत्यांनी तर आधी आपल्या प्रांताची यादी तपासावी. ब्रिटिश कोलंबियात हे बागेबाहेर पसरणारं उपद्रवी झाड मानतात.

आणि पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: ऑनलाइन बी घेताना पाकिटावरचं लॅटिन नाव वाचा. मोंटाना असेल तर पैसे वाचवा. त्याला खरा कडक हिवाळा लागतो, आणि आपला एप्रिल-मे त्याला झेपणारा नाही. सायनस घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट कुंडीत पेरा, बी साधारण एक सेंटीमीटर मातीखाली जाऊ दे, कुंडी उन्हात ठेवा. थंडीतच फुलेल, आणि ऊन तापलं की संपेल. त्याचं आयुष्यच तेवढं आहे.

पुढच्या भागात गोगलगायी. तोवर कात्रीला धार लावून ठेवा, भेटू!