पान पिकते कसे : घरच्या तंबाखूची लागवड आणि मुरवणी

तंबाखूच्या हिरव्या पानाला तंबाखूचा वास नसतो. झाडावरून नुकतेच खुडलेले पान चुरगाळले तर बोटांना चिकट राळ लागते आणि नाकाला पाल्याचा उग्र दर्प जाणवतो. ज्या सुवासासाठी हे पान पुढे चिलमीत, पाईपमध्ये किंवा विडीत जाळले जाते, तो सुवास खुडणीनंतरच्या काही आठवड्यांत, किंबहुना काही महिन्यांत, पान सुकताना आणि मुरताना तयार होतो. म्हणूनच घरी तंबाखू पिकवण्याचा विषय निघाला की लागवडीची चर्चा लवकर संपते आणि सुकवणीची बराच काळ चालते. पान किती वेगाने मरू द्यायचे, हा या साऱ्या विद्येचा गाभा आहे.

नागपूरच्या गांधीबागेत, जिथल्या कापडाच्या घाऊक बाजारातून आणि शेजारच्या इतवारीच्या पेठेतून विदर्भभर माल जातो, तिथल्या माणसाची तंबाखूशी गाठ पडते, पण ती पूर्ण तयार झाल्यावरच. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून होणारा खर्रा, ज्यावर राज्य शासनाने २०१३ मध्ये बंदी घातली तरी ज्याची सवय गेली नाही, भंडारा-गोंदियाकडे वळली जाणारी विडी आणि दातांना लावायची गुडाखू, या सर्वांतली तंबाखू दुसऱ्याच कोणीतरी पिकवलेली व सुकवलेली असते. विडी-उद्योगाची रचनाच अशी आहे, की तेंदूचे पान पूर्व विदर्भाच्या जंगलातले आणि आतली तंबाखू निपाणीची किंवा गुजरातेतल्या चरोतर भागातली. त्यामुळे घरच्या घरी पान पिकवू पाहणाऱ्या नागपूरकराला शिकायचे असेल तर आधी निपाणीकडे पाहावे लागते.

तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावरून आली आणि दख्खनमध्ये ती लवकर रुजली. अकबराचा दरबारी असद बेग हा सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरहून परतताना तंबाखू व ती ओढण्याची नळी घेऊन गेला, आणि मोगल दरबाराला तिची ओळख तेव्हा झाली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे उत्तरेला हे व्यसन दक्षिणेने दिले. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती किती पाळली गेली हे पुढच्या चारशे वर्षांनी दाखवले आहे.

वनस्पती म्हणून तंबाखू ही वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातली. तिचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे बसतात, आणि म्हणून ते राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर विस्कटतात. मातीखाली दाबलेले बी सहसा उगवत नाही, कारण त्याला उजेड हवा असतो. निकोटिन हे द्रव्य पानात आढळत असले तरी ते तयार होते मुळांत आणि रसाबरोबर वर चढते. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे कलम बांधले तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरते आणि उलट कलम केले तर तंबाखूचे पान जवळजवळ निकोटिनरहित राहते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. शेतकऱ्याची शेंडेखुडणी, म्हणजे फुलोरा येताच शेंडा मोडणे आणि त्यानंतर पानांच्या बगलेतून येणारे फुटवे काढत राहणे, ही याच गोष्टीवर आधारलेली आहे: बी धरण्यात जाणारे बळ पानांत उतरते, पान जाड आणि राळयुक्त होते, आणि त्यातले निकोटिन वाढते. सौम्य पान हवे असेल त्याने शेंडा उशिरा व वरच्या बाजूला खुडावा, कडक हवे असेल त्याने लवकर व खोल.

निपाणी हे वेदगंगेच्या खोऱ्यातले, आज कर्नाटकात असलेले पण भाषेने आणि व्यवहाराने मराठी असे गाव, आणि तिथल्या काळ्या जमिनीतली विडीची तंबाखू ही देशभर मान्यता पावलेली. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपे लावतात आणि पुढचे पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर व दवावर येते. हिवाळ्यात पान पक्व झाले की त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात, पान जाडसर व ठिसूळ होते, दुमडले की मोडते. मग झाड बुंध्याशी कापून जागच्या जागी रानातच उन्हात पसरतात. दिवसा ऊन आणि रात्री दव असे आलटून पालटून खात ते काही दिवसांत सुकते. हलवायचे, पालटायचे, रचायचे ते पहाटे, कारण दवाने पान नरम झालेले असते आणि उन्हे चढल्यावर हात लावला तर त्याचा चुरा होतो. त्यानंतर पान कुटून, शिरा वेगळ्या करून, चाळून जो कणीदार माल निघतो त्यास जर्दा म्हणतात.

हे कुटणे-चाळणे गावातल्या वखारींमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या गोदामांमध्ये चालते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले आहे. वखारीतली हवा तंबाखूच्या धुळीने भरलेली असते, ती धूळ श्वासातून आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीतून अंगात जाते, आणि चक्कर, मळमळ, खोकला हे तिथल्या कामाचे नेहमीचे सोबती होत. या बायकांनी संघटना बांधून मजुरी आणि माणूस म्हणून वागणूक यांसाठी लढा दिला. १९८२ मध्ये युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट त्यांच्यावर केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता आणि त्या आंदोलनाचा शेवट पोलीस गोळीबारात झाला. तंबाखूच्या चवीबद्दल जे काही लिहिले जाते त्यात या दोन गोष्टींना जागा असायलाच हवी, कारण ती चव ज्यांच्या हातून तयार झाली त्यांना तिचे मोल फार थोडे मिळाले.

सुकवणीच्या जगभर चार रीती आहेत, आणि त्यांतला फरक समजून घेतला की बाकीचे सोपे होते. खुडलेले पान लगेच मरत नाही. पाणी आटेपर्यंत ते श्वास घेत राहते. या काळात हिरवा रंग जातो, आतल्या पिष्टाची साखर होते, आणि ती साखरही श्वासाबरोबर हळूहळू खर्च होऊ लागते. आंध्रातल्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी बंद भट्टीघरात पाईपांमधून गरम हवा फिरवतात: प्रथम ३५ ते ४० अंशांवर पान पिवळे होऊ देतात, आणि ते पुरते पिवळे होताच उष्णता टप्प्याटप्प्याने ७० अंशांकडे नेऊन पान व शीर सुकवून टाकतात. साखर ऐन भरात असतानाच पानाचा जीव जातो, म्हणून ही तंबाखू पिवळीधमक, गोडसर आणि धुराला किंचित आंबूस असते. दुसरी रीत सावलीत हवेवर टांगून ठेवण्याची. तिथे पान सहा ते आठ आठवडे रेंगाळते, साखर जवळजवळ संपते, रंग तपकिरी होतो आणि धूर भारदस्त पण कमी गोड येतो. तिसरी निपाणीसारखी उन्हातली, आणि चौथी धुरावरची, जिचा प्रसिद्ध नमुना म्हणजे सुगंधी लाकडांच्या धुरात काळी पडलेली लताकिया.

गांधीबागेतल्या एखाद्या जुन्या घराच्या गच्चीवर हा उद्योग करायचा तर भट्टीघर शक्य नाही आणि निपाणीसारखे रानही नाही. उरते ती सावलीतली, हवेवरची रीत, आणि घरगुती प्रमाणासाठी तीच योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वाफा किंवा पसरट कुंडी धरावी, सहा-सात आठवड्यांनी, पाऊस ओसरू लागताच, रोपे पंधरा-वीस लिटरच्या कुंड्यांत हलवावीत. विदर्भाची काळी माती एकटी वापरली तर पान जाड आणि कडक येते व कुंडीत पाणी तुंबते, तेव्हा तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळणे भाग आहे. खत देताना पोटॅश द्यावे, कारण त्याने पान नीट जळते, परंतु ते म्युरेट ऑफ पोटॅश नसावे. त्यातले क्लोराइड पानात साठते आणि असे पान पेटत नाही, पुन्हा पुन्हा विझते. खारट बोअरच्या पाण्याचाही हाच दोष. सोयाबीन-कपाशीवर जी स्पोडोप्टेराची अळी येते ती मुळात तंबाखूची पाने खाणारी अळी म्हणूनच ओळखली जाते, आणि गच्चीवर ती हाताने वेचणे हाच बरा उपाय. शेतात बंबाखू नावाचे हिरवेपण नसलेले बांडगुळ तंबाखूच्या मुळावर पोसते, पण कुंडीतली माती नवी असेल तर त्याचे भय नाही. चांगल्या वाढलेल्या झाडापासून साधारण शंभर ग्रॅम सुके पान मिळते, कुंडीत त्याहून कमी.

नागपूरच्या हवेचा खरा प्रश्न खुडणीनंतर उभा राहतो. हवेवर सुकवायला ६५ ते ७५ टक्के आर्द्रता लागते. हवा त्याहून कोरडी असेल तर पान पिवळे होण्याआधीच वाळते, हिरवा रंग त्यात कायमचा अडकतो, आणि अशा पानाचा धूर कितीही मुरवले तरी गवत जाळल्यासारखा येतो. एप्रिल-मेमध्ये नागपुरात हे काम करू नये. डिसेंबरात मात्र दुपार तिशीच्या आत असते, पहाटे हवेत ओल असते, आणि वारा न येणारी, ऊन न पडणारी खोली मिळाली तर काम साधते. पाने खालून वर अशी, जशी पिवळसर होतील तशी, दोन-तीन वेळा खुडावीत. प्रथम ती गोणपाटाखाली सैल रचून चार-सहा दिवस पिवळी होऊ द्यावीत, रोज उलटावीत, आणि मग देठांत दोरा ओवून एकमेकांना न चिकटतील अशी टांगावीत. हवा फार कोरडी वाटली तर खोलीत ओले पोते लावावे. पानावर पांढुरकी बुरशी दिसली तर लगेच हवा खेळती करावी आणि ते पान फेकून द्यावे. मधली शीर वाकवताच कटकन मोडली की सुकवणी पुरी झाली.

असे पान अजून ओढण्याजोगे नसते; ते घशाला खरखरते आणि त्याला अमोनियाचा वास येतो. मुरवणी म्हणजे मोजकी ओल आणि ऊब देऊन पानातल्या विकरांना आपले काम पुरे करू देणे. व्यापारात त्यासाठी पानांचे ढीग रचतात, जे आतून आपोआप तापतात. थोड्या पानांचा ढीग तापत नाही, म्हणून घरी बाहेरून ऊब द्यावी लागते. जो उन्हाळा सुकवणीला घातक, तोच इथे उपयोगी पडतो. पाने वाफेवर किंचित नरम करून, बोटांत दाबली तर मोडणार नाहीत पण ओलीही लागणार नाहीत अशा बेताने काचेच्या बरणीत दाबून, बरणी घट्ट बंद करून वरच्या मजल्यावरच्या तापत्या खोलीत मार्चअखेरीपासून ठेवली आणि आठवड्यातून एकदा उघडून वास घेतला, तर मेअखेरपर्यंत अमोनिया निघून जातो आणि सुक्या मेव्याच्या जवळ जाणारा वास येऊ लागतो. कारखान्यांत किंवा हौशी लोकांच्या पेटीत हेच काम ५० अंशांच्या आसपास चार ते सहा आठवड्यांत उरकतात. पाईपसाठी पुढे शीर काढून पाने एकावर एक रचतात, कापडात गुंडाळून सुतळीने करकचून आवळतात, काही आठवड्यांनी त्या गाठोड्याचे पातळ काप काढतात. गूळ किंवा काकवी लावून वाफवलेली गडद तंबाखू पाश्चात्त्य पाईपवाल्यांना कॅव्हेंडिश म्हणून ठाऊक आहे. आपल्याकडे हुक्क्यासाठी तंबाखूत गूळ कालवून मळलेली गुडाखू याच विचारातून आलेली होती, आणि ती पुढे दातांना लागली हे मात्र दुर्दैव.

कायद्याच्या बाजूने एवढे लक्षात ठेवावे, की व्हर्जिनिया तंबाखूच्या लागवडीसाठी १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या टोबॅको बोर्डाकडे नोंदणी लागते, म्हणून गच्चीवर ती जात लावू नये. कच्च्या तंबाखूवरचे उत्पादनशुल्क, ज्यासाठी १९४३ पासून शेतकऱ्याच्या पानापानाची नोंद होत असे, ते १९७९ मध्ये उठले. स्वतःच्या वापरापलीकडे एक पुडी जरी विकली तरी २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा लागू होतो.

घरी पिकवलेली, कशाचीही भेसळ नसलेली तंबाखू म्हणजे निरुपद्रवी तंबाखू, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. तंबाखूतली सर्वांत घातक कर्करोगकारक द्रव्ये, नायट्रोसअमाइने, ही बाहेरून कोणी घालत नाही. ती याच सुकवणीत आणि मुरवणीत, पानातल्या निकोटिनसारख्या द्रव्यांपासून तयार होतात, आणि घरगुती उपायांनी ती काढता येत नाहीत. ओल्या पानांना उघड्या हाताने तासन्‌तास हाताळले तर निकोटिन कातडीतून शोषले जाऊन उलट्या व चक्कर येते, म्हणून खुडताना हातमोजे घालावेत आणि सकाळचे दव उतरल्यावरच खुडावे. घरात लहान मूल असेल तर कुंडी, बी आणि बरणी यांतले काहीही त्याच्या हाताशी ठेवू नये. आणि ज्याला तंबाखूची सवय नाही त्याने हे झाड त्याच्या फिक्या गुलाबी फुलांसाठी लावावे, पान सुकवण्याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला सवय आहे आणि सोडायची आहे, त्याच्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.