पुन्हा लागेल गं!

२००६-०७ सालची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. नेमकी दिवेलागणीला वीज जायची, आणि वीज गेली की आमच्या धाकटीचा भोंगा सुरू व्हायचा. कारण टीव्हीवर डोरेमॉन लागलेला असायचा आणि नोबिता नेमका कुठल्यातरी गॅजेटमुळे गोत्यात आलेला असायचा. ‘आता पुढे काय झालं ते कसं कळणार?’ म्हणून ती हातपाय आपटायची. मी कणीक मळता मळता एकच उत्तर द्यायचे, ‘पुन्हा लागेल गं!’

आणि खरंच लागायचं. भारतात डोरेमॉन हिंदीतून २००५ साली आला आणि मग एकेक भाग इतक्यांदा लागला, की फोडणी देता देता मलासुद्धा संवाद पाठ झाले. आळशी नोबिता, दांडगट जियान, फुशारक्या मारणारा सुनियो, शहाणी शिझुका आणि भविष्यातून आलेलं ते निळं, कान नसलेलं यंत्रमांजर. घरोघरची मुलं पोळीला ‘डोराकेक’ म्हणायला लागली होती. आम्ही आया वैतागायचो, पण स्वयंपाक उरकेपर्यंत पोरं एका जागी बसतात म्हणून मनातून सुखावायचोही.

ही धाकटी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली होती. फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, ‘आई, तुला माहितेय, आपला डोरेमॉन पहिला नव्हताच. त्याच्याआधी एक होता. तो हरवला.’

‘हरवला म्हणजे? मालिका कशी हरवेल? ती काय छत्री आहे?’

मग तिने जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः जे शोधून वाचलं, ते इतकं मनाला लागलं की वाटलं, मैत्रिणींना सांगायलाच हवं.

डोरेमॉनची चित्रकथा जपानमध्ये १९६९च्या डिसेंबरपासून मुलांच्या मासिकांतून येऊ लागली. लेखक-चित्रकार हिरोशी फुजिमोतो, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ. जपानच्या तोयामा प्रांतातल्या ताकाओका या गावचे. या चित्रकथेवरची टीव्ही मालिका सगळं जग ओळखतं ती १९७९ची. पण त्याच्या सहा वर्षं आधी, १ एप्रिल १९७३ला, निप्पॉन टीव्ही या वाहिनीवर डोरेमॉन एकदा येऊन गेला होता. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, अर्धा तास. एका भागात दोन गोष्टी. सव्वीस भाग झाले, बावन्न गोष्टी झाल्या आणि ३० सप्टेंबरला मालिका संपली.

त्या डोरेमॉनचा आवाज चक्क पुरुषाचा होता! कोसेई तोमिता नावाचे कलाकार होते. तेरा भागांनंतर तो बदलून मासाको नोझावा या बाईंचा आवाज आला. (या नोझावाबाई म्हणजे पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज. ज्यांची मुलं ते पाहून घरात मारामाऱ्या करायची त्यांना नाव नवं नसेल.) त्यात गाचाको नावाची एक बदकीणही होती, यंत्राचीच. ती पुढच्या मालिकेतून गाळली गेली. आणि गंमत म्हणजे १९७३ला जियानचा आवाज ज्यांनी दिला, त्या कानेता किमोत्सुकींनीच १९७९ला सुनियोचा आवाज दिला. म्हणजे आधी मार देणारा आणि नंतर मार खाणारा!

मालिका फारशी चालली नाही. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘माझिंगर झेड’ लागायचा, अवाढव्य लोखंडी यंत्रमानवाची मारधाड. त्यापुढे आमचं गोलमटोल मांजर किती टिकणार? पण न चालणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. नाहीसं व्हायला कारण झालं ते घरातल्याच भांडणासारखं. ज्या छोट्या कंपनीने ही मालिका बनवली, तिचे प्रमुख मालिका चालू असतानाच अचानक काम सोडून गेले. लोकांनी कसेबसे सव्वीस भाग पुरे केले आणि कंपनीचं दार बंद झालं. निर्मितीचं काम पाहणारे जुन मासामी यांनी पुढे अनेक वर्षांनी ही सगळी हकीकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

आता विचार करा, बंद पडलेल्या कंपनीचं सामान कोण सांभाळतं? भाड्याची जागा रिकामी करायची असते. टेबलखुर्च्यांना गिऱ्हाईक मिळतं. चित्रं काढलेल्या पारदर्शक पट्ट्या आणि रिळांचे डबे कुणाला हवेत? एकदा दाखवून झालेली लहान मुलांची मालिका, तीही न चाललेली. कुणाला वाटलं असेल की हे मांजर पुढे पन्नास वर्षं जगभर फिरणार आहे? २००८ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने याच मांजराला आपला ‘अॅनिमे राजदूत’ नेमलं. राजदूत झालेल्या माणसाचे बालपणीचे फोटो मात्र कुणी जपले नाहीत, तशातली गत.

बरं, ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या घरी तरी काही उरलं असेल? तर नाही. घरी टीव्हीवरचं चित्र टेप करायचं सोनीचं बीटामॅक्स आलं १९७५ला आणि व्हीएचएस १९७६ला. डोरेमॉन संपून दोन-तीन वर्षं झाली होती. १९७३च्या सर्वसामान्य जपानी घरात फार तर कॅसेटचा टेपरेकॉर्डर असायचा. तो टीव्हीपुढे धरून आवाज तेवढा टेप करता यायचा.

म्हणून हे शोधणारे लोक शोधतात तरी कसे, याचं मला फार कुतूहल वाटलं. आणि ते वाचताना आपल्याकडच्या बायका लग्नघरात हरवलेली अंगठी शोधतात तेच आठवलं. आधी शेवटचं कुठं पाहिलं ते आठवायचं! जुन्या वर्तमानपत्रांतले टीव्हीचे कार्यक्रम बघून तारीखवार यादी करायची. गोष्टींची नावं मिळाली आहेत, बावन्नच्या बावन्न. शेवटच्या गोष्टीचं नाव होतं ‘सायोनारा डोरेमॉन’. मग जिथे जिथे फिल्म गेली असेल तिथे विचारायचं. फिल्म धुणारी प्रयोगशाळा, पुनःप्रसारण करणाऱ्या छोट्या गावांतल्या वाहिन्या, तिथे काम करून निवृत्त झालेली माणसं, जुन्या बाजारातले विक्रेते. त्यातून थोडं थोडं हाती आलं. फिल्म धुणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काही रिळं पडून होती असं १९९०च्या दशकात कळलं. मासामींनी स्वतःजवळ जपलेली काही रिळं मोजक्या रसिकांना दाखवली. शीर्षकगीत आणि शेवटचं गाणं तबकडीवर निघालं होतं, म्हणून ते आहे. बाकी काही सेकंदांचे तुकडे, काही चित्रं आणि पन्नाशी-साठी गाठलेल्या लोकांच्या आठवणी.

पण या गोष्टीत एक गाठ आहे, आणि मला ती सुटता सुटत नाही. ही मालिका खुद्द फुजिमोतोंनाच पसंत नव्हती असं म्हणतात. १९७९ला नवी मालिका यायच्या सुमारास तोयामाकडे, म्हणजे लेखकाच्या गावाकडेच, जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि ती मध्येच थांबवली गेली. नव्या मालिकेत नोबुयो ओयामा या बाईंनी आवाज दिला तेव्हा लेखक त्यांना म्हणाले होते, डोरेमॉनचा आवाज असा असतो तर! म्हणजे त्यांच्या लेखी डोरेमॉनला आवाज तेव्हा फुटला. (ओयामाबाईंनी तो आवाज २००५पर्यंत, सव्वीस वर्षं दिला. २०२४च्या सप्टेंबरात नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.) फुजिमोतो १९९६लाच गेले.

मग शोधणाऱ्यांनी शोधावं का? लेक म्हणाली, ‘ज्याने बनवलं त्यालाच नको असेल तर आपण कोण?’ मला ते काही पटेना. मी म्हटलं, ‘अगं, फसलेले अनारसे सुद्धा आपण टाकून देत नाही. आणि ती मालिका काय एकट्या लेखकाची? रात्र रात्र जागून चित्रं रंगवली त्या मुलींची नाही का? प्रमुख सोडून गेल्यावरही ज्यांनी शेवटचे भाग पुरे केले त्यांची नाही?’ चित्रं रंगवायच्या कामात तिकडे बायका फार असत, हे मी वाचलं होतं. लेक गप्प बसली, पण तिला पूर्ण पटलं असं नाही. मलाही माझं म्हणणं सगळं बरोबर वाटतं असं नाही. आपल्या पहिल्या कवितांची वही कुणी आपल्यामागे वाचावी असं कुणाला वाटतं?

याच फुजिमोतोंच्या तरुणपणची आणखी एक हकीकत आहे. १९६३ साली ‘अॅस्ट्रो बॉय’ ही ओसामू तेझुकांची मालिका जपानमध्ये सुरू झाली होती. आठवड्याला एक भाग काढताना तेझुकांची दमछाक व्हायची, म्हणून त्यांनी एक भाग फुजिमोतो आणि त्यांच्या चित्रकार मित्रांच्या नव्या स्टुडिओला बनवायला दिला. या मंडळींनी आपापल्या हातवळणाने चित्रं काढली, त्यामुळे त्या एकाच भागात नायकाचा चेहरा सारखा बदलत राहिला! पुढे त्या भागाची मूळ जपानी फिल्म सापडेना. शेवटी अमेरिकेत इंग्रजी बोलीत रूपांतर झालेली प्रत मिळाली आणि भाग वाचला. मात्र अमेरिकेतही सगळं जपलं गेलं असं नाही. १९७५च्या सुमारास करार संपल्यावर तिथल्या इंग्रजी प्रती परत घ्यायला पैसे कुणाकडे नव्हते, कारण तेझुकांची कंपनी १९७३लाच बुडाली होती. आणि त्या प्रती नष्ट केल्या गेल्या.

हे वाचलं आणि मला आपला मोगली आठवला. १९९३ला दर रविवारी दूरदर्शनवर लागायचा तो ‘जंगल बुक’ जपानचाच होता, १९८९चा, बावन्न भागांचा. हिंदीत आला तेव्हा शेरखानला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी आणि गाणं लिहिलं गुलजारांनी, संगीत विशाल भारद्वाजचं. ते गाणं जपानी मुलांना ठाऊकच नाही, ते फक्त आपलं. २०२०च्या एप्रिलात, टाळेबंदीत, दूरदर्शनने मोगली पुन्हा दाखवला, तेव्हा आमच्या घरात पन्नाशीची माणसं टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती. पुन्हा लागेल, पुन्हा लागेल म्हणता म्हणता सत्तावीस वर्षांनी लागलं.

जपानची सार्वजनिक वाहिनी एनएचके तर आता लोकांनाच विनवते, की जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट घरात असतील तर कळवा. त्यांच्याकडेही पूर्वी टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. ‘पुरिन पुरिन’ नावाच्या त्यांच्या बाहुल्यांच्या मालिकेचे भाग सापडले ते बाहुल्या बनवणाऱ्या कलाकाराच्याच घरी. त्याने आपलं काम म्हणून टेप करून ठेवले होते.

हे मी लेकीला सांगत होते आणि बोलता बोलता थांबले. १९९३ला मी नुकतीच लग्न होऊन या घरात आले होते. जाऊबाईंचा दीपू तेव्हा सात वर्षांचा. मोगलीचं गाणं हवं म्हणून तो रविवारी टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून बसायचा आणि ‘कुणी बोलायचं नाही’ असा हुकूम सोडायचा. पण सासूबाई कुणाचं ऐकतात? ऐन गाण्यात त्यांनी स्वयंपाकघरातून मला हाक मारली होती, दूध उतू जातंय म्हणून. ती हाक टेप झाली. दीपू रडला, आम्ही हसलो. सासूबाईंना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माळा काढला. भाऊबिजेच्या दिवशी कुणी माळा काढतं का, म्हणून यजमान ओरडले. पितळेच्या घंगाळात, जुन्या पाट-रांगोळीच्या साच्यांखाली आठ कॅसेट निघाल्या. चार भजनांच्या, एक वऱ्हाडी लग्नगीतांची, दोनवर काहीच लिहिलेलं नाही, आणि एकीवर दीपूच्या अक्षरात ‘मोगली’. फीत एका जागी चुरगळली आहे आणि आत पांढरट बुरशी धरली आहे. टेपरेकॉर्डर तर कधीच भंगारात गेला.

लेक म्हणाली, ‘पुण्यात असं काम करून देणारे आहेत, मी दाखवते. पण आई, आशा ठेवू नकोस हं. दीपूदादाने त्यावर नंतर दुसरंच काहीतरी टेप केलं असेल तर?’

कॅसेट तिने स्वेटरमध्ये गुंडाळून नेली. परवा फोन आला होता, बुरशी साफ करायला दिली आहे म्हणून.