गाडीचे टायर बदलायचेत? ‘जास्त चालणारा द्या’ म्हणण्याआधी टायरवरचे हे आकडे वाचा

मेहकर : टायरच्या दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. “भाऊ, जास्त चालणारा कोणता?” दुसरा प्रश्न, “कमी काय होईल?” या दोन प्रश्नांवर सौदा होतो, टायर बसतात आणि आपण घरी येतो. टायरवर काय लिहिलंय ते आपण वाचतच नाही. पैसे वाया जातात ते इथंच, आणि कधी कधी जिवावरही बेततं.

आपल्याकडं गाडीचं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही. सकाळी गावातून मेहकर किंवा चिखली, दुपारी शेताच्या पांदणीत, आणि महिन्यातून दोनदा समृद्धीवरून नागपूर नाहीतर संभाजीनगर. म्हणजे खड्डा, मुरूम, चिखल आणि ताशी १२० किलोमीटरचा सरळ रस्ता, हे सगळं त्याच चार टायरवर. गाडीचं वजन कितीही असो, रस्त्याला टेकलेली जागा एका टायरची साधारण तळहाताएवढीच असते. तुमचं अख्खं घर त्या चार तळहातांवर बसलेलं असतं.

म्हणून टिकाऊ टायर म्हणजे नेमकं काय, ते आज नीट समजून घेऊ.

आधी स्वतःला विचारा : वर्षाला गाडी किती चालते?

समजा तुम्ही रोज ६० किलोमीटर चालवता. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १८ हजार किलोमीटर झाले. अशा गाडीचे टायर झिजून जातात. त्यांना जास्त किलोमीटर देणारा टायर घेणं फायद्याचं.

दुसऱ्या एखाद्याची गाडी लग्नकार्य, दवाखाना, देवदर्शन एवढ्यालाच निघते. वर्षाला जेमतेम ५ हजार. सहा वर्षांत ३० हजार किलोमीटर झाले, टायरची नक्षी अजून चांगली दिसते. पण उन्हानं आणि वयानं रबर कडक झालेलं असतं, बारीक भेगा पडलेल्या असतात. हा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. त्यासाठी जास्त किलोमीटरचा महाग टायर घेऊन उपयोग नाही, ताजा टायर घेणं महत्त्वाचं.

टायरची जन्मतारीख अशी बघा

टायरच्या बाजूला डीओटी अशी इंग्रजी अक्षरं असतात. त्यापुढच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, बहुतेक वेळा लांबट गोल चौकटीत. समजा तिथं २३२४ आहे. म्हणजे २०२४ सालातल्या २३व्या आठवड्यात हा टायर बनला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. एका बाजूला हे आकडे दिसले नाहीत तर टायर फिरवून दुसरी बाजू बघा.

नवा टायर घेताना तो शक्यतो त्याच वर्षीचा किंवा मागच्या वर्षीचा मागा. चारही टायरचे आकडे बघा, एकाचे बघून थांबू नका. “स्वस्तात देतो” म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेला टायर मिळत असेल, तर त्याचं वय आधीच सुरू झालंय हे लक्षात ठेवा. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांच्या पुढं कितीही चांगला दिसला तरी वापरू नका, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते. त्यामुळं दहा वर्षांची वाट बघण्यात शहाणपण नाही.

स्टेपनीचंही वय बघा. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण ती गाडीएवढीच जुनी असते.

माप, वजन आणि वेग : तीन आकडे, तिन्ही महत्त्वाचे

टायरवर मोठ्या अक्षरात १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचं माप, इंचात.

त्याच्या पुढं ८८ एच किंवा ८२ टी असा एक आकडा आणि एक अक्षर असतं. बरेच लोक फसतात ते इथं.

आकडा वजनाचा. ८२ म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६० किलो. दोघांत फरक ८५ किलोचा. चार टायरचा हिशेब केला तर ३४० किलो. मूळ टायर ८८ चा असताना दुकानदारानं ८२ चा बसवला, तर रिकाम्या गाडीला काही कळणार नाही. पण सात माणसं आणि डिकीत धान्याची पोती घेऊन निघालात की टायरवर त्याच्या ताकदीबाहेरचा भार येतो.

अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. “आपण कुठं दोनशेनं पळवतो?” असं वाटेल. पण हे अक्षर टायर गरमी किती सोसतो तेही सांगतं. गाडी जोरदार इंजिनाची असेल आणि कंपनीनं एच किंवा व्ही दिलेला असेल, तर खालच्या अक्षराचा टायर लावू नका. वजन असो की वेग, मूळ टायरएवढा किंवा वरचा चालेल, खालचा नाही.

आयएसआय मार्क आहे का तेही बघून घ्या.

कडक टायर जास्त चालतो, पण थांबतो का?

आता मुख्य मुद्दा. रबर मऊ असेल तर टायर रस्त्याला चिकटून चालतो, ब्रेक चांगला लागतो, पण लवकर झिजतो. स्पोर्ट्स गाड्यांचे टायर असे असतात. रबर कडक असेल तर टायर जास्त चालतो, पण ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. जास्त चालणारा आणि चांगला थांबणारा, या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. महागडी कंपनी तो मेळ चांगला घालते, म्हणूनच तिचे पैसे जास्त असतात.

काही टायरवर, सगळ्यांवर नाही, हा मेळ लिहिलेलाच असतो. बाजूला ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर असे तीन शब्द बघा. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा, तितका टायर हळू झिजतो. ४०० चा टायर त्याच कंपनीच्या २०० वाल्यापेक्षा बराच जास्त चालेल. हा आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करताना त्यावर डोळे झाकून विसंबू नका. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड. त्यात एए सगळ्यात चांगला, मग ए, बी, सी. टेंपरेचर म्हणजे गरमी सोसण्याची ताकद. त्यात ए सगळ्यात चांगला.

रोजच्या गाडीला ट्रेडवेअर मोठा आणि बाकी दोन्हीकडं ए, असा टायर मिळाला तर तो घ्या. ट्रॅक्शन सी असेल आणि ट्रेडवेअर कितीही मोठा असेल, तरी नको.

स्वस्त की महाग? किलोमीटरवर हिशेब मांडा

समजा एक टायर ४ हजाराचा आहे आणि ३५ हजार किलोमीटर चालतो. दुसरा ५ हजाराचा, ५० हजार चालतो. चार टायरचा खर्च पहिल्यात १६ हजार, म्हणजे किलोमीटरला जवळपास ४६ पैसे. दुसऱ्यात २० हजार, म्हणजे ४० पैसे. घेताना महाग वाटलेला टायर चालवताना स्वस्त पडला.

कार-जीपच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. भाव विचारताना हे ध्यानात ठेवा आणि पक्कं बिल घ्याच. टायरला बनावटीचा दोष निघाला तर बिलाशिवाय वॉरंटी मिळवणं अवघड जातं.

शहरातून उतरलेले जुने टायर चकाकी मारून विकतात. त्यांची नक्षी खोल दिसते, म्हणून माणूस भुलतो. आत किती पंक्चर आहेत, टायर आधी कमी हवेत चालवला होता का, हे वरून दिसत नाही. समृद्धीवर जाणाऱ्या गाडीला असे टायर नकोच.

रुंद टायर आणि मॅगव्हीलची हौस

तरुण पोरांना गाडी रुंद टायरवर बसलेली आवडते. हौस करा, पण कंपनीनं सांगितलेल्या मापात करा. स्विफ्टच्या काही मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिल्याची बाजू १३२ मिलिमीटर उंच, दुसऱ्याची साधारण १२०. बाजू जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा दणका थेट रिमला. गावच्या रस्त्याला याहून बुटका टायर लावला तर रिम वाकणार, टायरच्या बाजूला फुगा येणार. बाजूला फुगा आला की टायर संपला, त्यावर पंक्चरवाल्याचा इलाज नाही.

जीपसारख्या गाड्यांना चिखलाचे मोठ्या गोट्यांचे टायर रुबाबदार दिसतात. पण रोज डांबरी रस्त्यावर ते आवाज करतात, डिझेल जास्त खातात आणि लवकर झिजतात. अर्धा रस्ता कच्चा असेल तर मधल्या जातीचा, एटी म्हणून मिळणारा टायर पुरे.

दोनच टायर घेताय? नवे मागे लावा

पुढचे झिजलेत म्हणून नवे पुढंच बसवायची पद्धत आहे. पण पावसात मागचे गुळगुळीत टायर घसरले तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. पुढचे घसरले तर निदान वेग कमी करून गाडी सावरता येते. म्हणून नवी जोडी मागे आणि मागची चांगली जोडी पुढं.

अर्धं आयुष्य तुमच्या हातात

उत्तम टायर घेऊनही तो वर्षा-दीड वर्षात गेला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण हवेत असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात कमी माणसांची आणि पूर्ण भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, त्या तक्त्याप्रमाणं हवा भरा.

“उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा, नाहीतर फुटेल” हा सल्ला गावोगावी मिळतो. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून आत गरमी वाढते, आणि मोठ्या वेगात टायर फुटतो तो बहुतेकदा याच गरमीनं. लांब पळून आलेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसली तर ती सोडू नका. थंड झाल्यावर पुन्हा मोजा.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढं करून घ्या. मोठ्या खड्ड्यात आदळली तर अलाइनमेंट तपासा. झिजलेला टायरही बोलतो : दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मध्येच झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. ते दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर नवेही तसेच खाल्ले जातील.

बदलायचे कधी?

टायरच्या खाचांमध्ये आडवे बारीक उंचवटे असतात. बाजूला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण जिथं दिसेल, त्याच्या सरळ रेषेत बघा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची मर्यादा तिथं संपते. पावसाळ्याआधी खाच ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर तेव्हाच बदललेले बरे. २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. पण कुणी अडवण्याची वाट कशाला बघायची?

आज संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च लावा आणि पाचही टायरची जन्मतारीख वाचा, स्टेपनी धरून. पाच मिनिटांचं काम आहे. आणि ही माहिती गावच्या ग्रुपवर टाका. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन निघणारी एखादी गाडी तुमच्याही गल्लीतली असेल.