जनुकाधारित वॉरफरिन मात्रानिर्धारण

रुग्णाची जनुकीय माहिती आणि यंत्र शिक्षणाच्या पद्धती यांच्या आधारे वॉरफरिन या औषधाची योग्य मात्रा वर्तवण्याच्या पद्धतीस जनुकाधारित वॉरफरिन मात्रानिर्धारण असे म्हणतात. व्यक्तिनिष्ठ औषधोपचाराचे हे एक बहुअभ्यासित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

वॉरफरिन रक्तात गुठळ्या होऊ देत नाही. मात्रा कमी पडल्यास गुठळीमुळे पक्षाघात होऊ शकतो, तर जास्त झाल्यास रक्तस्राव होतो. आवश्यक मात्रेत रुग्णारुग्णांमध्ये दहापटीपर्यंत फरक आढळतो. सीवायपी२सी९ या जनुकापासून बनणारे यकृतातील विकर वॉरफरिनचे विघटन करते. व्हीकेओआरसी१ या जनुकापासून बनणारे विकर के जीवनसत्त्वाला पुन्हा कार्यक्षम करते आणि वॉरफरिन त्यालाच रोखते. या जनुकांतील भेदांमुळे औषधाचा परिणाम बदलतो.

प्रारूप

आंतरराष्ट्रीय वॉरफरिन औषधजनुकशास्त्र संघाने २००९ साली आपले प्रारूप प्रसिद्ध केले. त्यासाठी ४,०४३ रुग्णांची माहिती वापरण्यात आली आणि १,००९ वेगळ्या रुग्णांवर ते पडताळण्यात आले. वय, उंची, वजन, वंश, सोबतची औषधे आणि दोन्ही जनुकांतील भेद त्यात विचारात घेतले होते. अनेक पद्धतींची तुलना केल्यावर साधे रेषीय समाश्रयणही गुंतागुंतीच्या पद्धतींच्या तोडीचे ठरले. आठवड्याला २१ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, तसेच ४९ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा लागणाऱ्या रुग्णांना याचा विशेष लाभ दिसला.

चाचण्या

२०१३ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न आले. ईयू-पॅक्ट या युरोपीय चाचणीत रक्त गोठण्याचे प्रमाण इष्ट मर्यादेत राहण्याचा काळ जनुकाधारित गटात ६७.४ टक्के, तर प्रमाणित मात्रेच्या गटात ६०.३ टक्के होता. कोॲग या अमेरिकी चाचणीत जनुकीय माहिती न वापरणाऱ्या सूत्राशी तुलना केली असता एकंदर फरक आढळला नाही. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत तर जनुकाधारित गटाची कामगिरी अधिक वाईट होती.

मर्यादा

आफ्रिकी वंशात आढळणारे सीवायपी२सी९चे काही भेद कोॲगच्या सूत्रात समाविष्ट नव्हते, हे या अपयशाचे एक संभाव्य कारण मानले जाते. ज्या समाजाची माहिती प्रारूपात नाही, त्याच्याबाबत अंदाज चुकण्याचा धोका असतो. म्हणूनच सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प भारतातील अशा संशोधनासाठी महत्त्वाचा आहे. मात्रा जनुकांवरून ठरवली, तरी नियमित रक्ततपासणी टाळता येत नाही.