मोटार लावण्याआधी चिमटा पाहा

पाबे घाट सायकलने चढून वेल्ह्यात उतरणाऱ्याला छातीचा भाता कसा चालतो, हे सांगावे लागत नाही. धडधाकट माणसाचे पाय सलग तासभर साधारण 75 ते 100 वॅट शक्ती देतात. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरले आणि शंभर मीटरला पाच मीटर असा चढ ताशी दहा किलोमीटरने चढायचा म्हटले, तर 135 वॅटहून अधिक लागतात. ही तूट 250 वॅटची मोटार सहज भरून काढते. गुडघे कुरकुरू लागलेल्यांनी घरातल्या जुन्या सायकलला मोटार बसवून घेण्यात म्हणूनच काही गैर नाही. पायडल मारत राहिले तर व्यायामही होतो. प्रश्न आहे तो सायकल कोणती, हा.

दांड्याची जुनी काळी सायकल जड म्हणून हिणवली जाते, पण या कामाला तिचाच सांगाडा बरा. पोलाद तुटण्याआधी बहुधा वाकते, म्हणजे सूचना देते. ॲल्युमिनियमला सततच्या हादऱ्यांनी सूक्ष्म तडे जातात आणि ते पुष्कळदा अचानक तुटते. मात्र वेल्ह्याच्या पावसात पोलादही आतून गंजते. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीत बसतो तिथे पाणी साचते. तिथला रंग फुगलेला असेल किंवा सांध्यावर पुन्हा वेल्डिंग केलेले असेल, तर ती सायकल मोटारीविनाच वापरावी.

सगळ्यात नाजूक जागा पुढच्या चिमट्याच्या टोकाची खाच. साध्या चाकाचा एक्सल तिथे फक्त भार देतो. चाकातली मोटार मात्र चाक पुढे ढकलताना स्वतःचा एक्सल उलटा पिळते आणि खाच फाकवू पाहते. ॲल्युमिनियमचा चिमटा इथे फुटला, तर चाक निसटते आणि स्वार हँडलवरून तोंडावर पडतो. माणूस पडताना नकळत हात पुढे करतो, म्हणून मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडते. जबडा आणि डोकेही सुटत नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर वेळ मोलाचा, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गाठायचे ते पुणे. म्हणून मोटार मागच्या चाकात घ्यावी, खाच पोलादीच असावी आणि एक्सल फिरू नये यासाठी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावून घ्यावी. ती न लावताच ‘चालतंय की’ म्हणणारे मेकॅनिक कमी नाहीत. बॅटरी कॅरिअरवर नको, दांड्याखालच्या तिरक्या नळीवर बसवावी. मागे वजन पडले की वळणावर तोल जातो.

मजबूत सांगाड्याच्या या सायकलचे ब्रेक मात्र दुबळे असतात. सळईचे ब्रेक आणि पोलादी रिम भिजल्या की पकड फार कमी होते. ताशी 15 ऐवजी 25 किलोमीटर वेग झाला की थोपवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. कायनेटिकची लूना 1972 मध्ये आली तेव्हा तिलाही पायडल होते, पण तिचा सांगाडा आणि ब्रेक इंजिनाचा हिशेब धरूनच केलेले होते. सायकलच्या बाबतीत तो हिशेब मालकालाच करावा लागतो. खर्चात आधी ब्रेक धरावेत, मग मोटार.

250 वॅटपर्यंतची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणारी गाडी चालवायला परवाना लागत नाही. हेल्मेट मात्र घालावेच. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एक्सलचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि चिमट्यातून ‘कट्’ असा आवाज आला तर तिथेच उतरून सायकल ढकलत न्यावी.