शेलला क्लास सापडत नाही, म्हणून पायथन पुन्हा इन्स्टॉल करू नका

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पायथन शिकणाऱ्या मुलांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. शेलमध्ये ‘नेमएरर: नेम स्थानक इज नॉट डिफाइन्ड’ असं आलं की पायथन काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. या सल्ल्याने डेटा आणि संध्याकाळ वाया जाते, एरर मात्र तशीच राहते. शिवाय मुलं एरर वाचायची सोडून मशीनवर संशय घ्यायला शिकतात, हे जास्त वाईट.

गैरसमज: फाइलमध्ये क्लास लिहून सेव्ह केला, तरी शेलला सापडत नाही, म्हणजे इन्स्टॉलेशन बिघडलं.

वस्तुस्थिती: शेल डिस्कवरच्या तुमच्या फाइली आपणहून वाचत नाही. सुरू होताना त्याला इंट, लिस्ट, प्रिंट अशी अंगभूत नावंच ठाऊक असतात. बाकीचं तुम्ही आणायचं. गोंधळ होतो तो आयडलमुळे. तिथे एफ-५ दाबलं की फाइल चालते आणि तिच्यातली नावं शेलमध्ये मिळतात. तीच सवय घेऊन मुलं टर्मिनल उघडतात आणि अडकतात.

समजा, फाइल ‘लोकल’ आणि तिच्यात क्लास ‘स्थानक’. ‘इम्पोर्ट लोकल’ केल्यावरही नुसतं ‘स्थानक’ लिहिलं तर तीच एरर येते. ‘लोकल.स्थानक’ असं लिहा, नाहीतर ‘फ्रॉम लोकल इम्पोर्ट स्थानक’ करा. ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ आली तर प्रश्न वेगळा आहे: शेल बहुधा दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू झालंय. फाइल आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन शेल उघडा.

आता खरी मेख. फाइलमध्ये नवी मेथड लिहिली, पुन्हा इम्पोर्ट केलं, तरी शेल म्हणतं मेथड नाही. इथे तर ‘पायथन बिघडला’ अशी सगळ्यांची खात्रीच पटते. पायथनचं अधिकृत ट्यूटोरियल मात्र स्पष्ट सांगतं की एका सेशनमध्ये मॉड्यूल एकदाच इम्पोर्ट होतं. फाइल बदलली तर शेल पुन्हा सुरू करा किंवा ‘इम्पोर्टलिब’मधलं ‘रीलोड’ वापरा. रीलोड करूनही आधी बनवलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात. ‘ठाणे’ रीलोडच्या आधी बनवलं आणि ‘डोंबिवली’ नंतर, तर ‘ठाणे’ला नवी मेथड मिळत नाही, ‘इझइन्स्टन्स’ने ते नव्या ‘लोकल.स्थानक’चं आहे का असं विचारलं तर उत्तर ‘फॉल्स’ येतं. ‘फ्रॉम’ने आणलेलं नावही रीलोडनंतर पुन्हा आणावं लागतं. शिकत असताना शेल बंद करून नव्याने उघडणं हाच सरळ मार्ग.

बाकीचे गैरसमज थोडक्यात

‘काल चालत होतं, आज मोडलं’: शेल बंद केलं की त्यात लिहिलेल्या व्याख्या जातात, टिकवायच्या असतील तर फाइलमध्ये लिहा.

‘कॅपिटल लिस्ट सापडत नाही, पिपने टायपिंग इन्स्टॉल करा’: टायपिंग हे मॉड्यूल 2015च्या पायथन 3.5पासून सोबतच येतं, फक्त इम्पोर्ट करायचं असतं, 3.9पासून तर ‘लिस्ट[इंट]’सारखा टाइप साध्या स्मॉल लिस्टनेही लिहिता येतो.

‘पायकॅश फोल्डर उडवा’: मूळ फाइल बदलली आहे का हे पायथन इम्पोर्टच्या वेळी स्वतः तपासतो, चालू सेशनच्या मेमरीत बसलेलं मॉड्यूल फोल्डर उडवून जात नाही.

‘नाव देवनागरीत दिलं म्हणून सापडत नाही’: पायथन 3मध्ये देवनागरी नावं चालतात, टायपिंग करताना अदृश्य जोडचिन्ह घुसलं तर ‘सिंटॅक्सएरर’ येते, ‘नेमएरर’ नव्हे.

पायथन 3.12पासून सोबत येणाऱ्या मॉड्यूलचं नाव इम्पोर्ट न करता वापरलं, तर एररच विचारते: इम्पोर्ट करायला विसरलात का? म्हणून लॅबमध्ये शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. मुलांना इन्स्टॉलर उघडू देण्याआधी एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावा. नाव कोणतं, ते कुठल्या फाइलमध्ये आहे, या सेशनमध्ये ते आणलं का आणि आणल्यानंतर फाइल बदलली का, हे चार प्रश्न त्यांना स्वतःला विचारू द्या. उत्तर जवळजवळ नेहमी त्यांतच सापडतं.